नवीन टीव्ही घेतला, पण चेहरे शेंदरी का दिसतात?

ए-२०१: नमस्कार, सोसायटीतल्या मंडळींनो. चवथीच्या ऑफरमध्ये ५५ इंची टीव्ही घेतला, काल भिंतीवर बसवून गेले. पण चित्र डोळ्यांना खुपतं. बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा शेंदरी, आणि सिनेमा लावला की मालिका चाललीय असं वाटतं. पीस बदलून मागू का?

बी-३०४: थांबा वहिनी, बदलू नका. पिक्चर मोड कुठला आहे बघा.

ए-२०१: व्हिव्हिड.

बी-३०४: मग पीस चांगला आहे. शोरूममध्ये लख्ख दिव्यांखाली टीव्ही ओळीने लावलेले असतात. तिथे गिऱ्हाइकाची नजर जावी म्हणून रंग भडक आणि पांढरा निळसर ठेवतात. ते दुकानासाठी असतं, तुमच्या हॉलसाठी नाही. आधी सेटिंगमध्ये होम मोड आहे की स्टोअर मोड ते बघा. स्टोअर असेल तर तुम्ही काहीही बदला, बऱ्याच टीव्हींत थोड्या वेळाने सगळं पूर्ववत होतं. मग सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड घ्या. हा फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या, स्टुडिओ आणि दिग्दर्शकांनी मिळून आणला. चित्र जसं बनवलं तसं दिसावं एवढाच त्याचा हेतू.

ए-१०२: आमच्याकडे मुलाने तोच लावून दिला. सगळं पिवळट दिसतं हो. पांढरं धोतर मळकं वाटतं.

बी-३०४: काकू, तीन-चार दिवस तसंच राहू द्या. सिनेमा आणि कार्यक्रमांचे रंग ठरवताना पांढऱ्याची छटा ६५०० केल्विनच्या (छटा निळसर की पिवळट ते मोजायचं एकक) आसपास धरतात. वॉर्म सेटिंग, म्हणजे पिवळसर पांढरा, त्याच्या जवळ जातं. आपले डोळे निळसर पांढऱ्याला सरावलेत, म्हणून आधी पिवळं वाटतं. नंतर परत व्हिव्हिड लावून बघा, माणसं आजारी दिसतील.

सी-१०५: दादा, तुमचे आकडे टाका ना इथे. आम्ही तेच मारतो.

बी-३०४: आकडे मुद्दाम देत नाही. एका कंपनीत शार्पनेस शून्य म्हणजे काहीच न करणं, दुसरीत तोच शून्य लावला की चित्र मऊ पडतं. डोळ्यांनी ठरवा. मराठी बातम्यांची खालची पट्टी जवळ जाऊन बघा. शिरोरेषेच्या वर बारीक पांढरी कड दिसते? तो शार्पनेसचा अतिरेक. कड जाईपर्यंत कमी करा, अक्षर पुसट व्हायच्या आत थांबा.

ब्राइटनेसचंही तसंच. नाव फसवं आहे, बऱ्याच टीव्हींत त्याने काळ्याची पातळी बदलते. काळ्या कोटाच्या चुण्या दिसल्या पाहिजेत आणि काळा राखाडी पडता कामा नये. उजेड हवा असेल तर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, वाढवा. आपल्या पश्चिमेच्या बाल्कन्यांतून दुपारी ऊन थेट आत येतं, तेव्हा जास्त, रात्री कमी.

ए-१०२: आमच्या ह्यांना मोतीबिंदू आहे, त्यांना अंधूक दिसतं.

बी-३०४: त्यांच्यासाठी बॅकलाइट खुशाल वाढवा. रंग मात्र वाढवू नका. आणि एनर्जी सेव्हिंग बंद करा, दिवे मालवले की तेच चित्र आणखी काळोखं करतं.

ए-२०१: आणि सिनेमा मालिकेसारखा दिसतो त्याचं?

बी-३०४: ते मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घुसडतो, म्हणून सगळं गुळगुळीत होतं. सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो अशा नावाने सापडेल. बंद करा. २०१८ मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना हेच सांगितलं होतं. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात होतो, पणजीत जाऊन मोठ्या पडद्यावर बघणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. मला तरी घरात सिनेमा असा गुळगुळीत बघवत नाही.

सी-१०५: पण फुटबॉलला स्मूदिंग असलेलं बरं वाटतं. बंद केलं की कॅमेरा फिरताना मैदान थरथरतं.

बी-३०४: मॅचला थोडं ठेवा, पटतं मला. फक्त जास्त केलंत तर लांब पासला चेंडूभोवती धूसर ठिपके येतात. मॅच सेट-टॉप बॉक्सवर आणि सिनेमा ॲपवर बघत असाल तर दोन्हींची सेटिंग वेगळी ठेवता येते. "सर्व इनपुटना लागू" हा पर्याय तेवढा निवडू नका.

ए-२०१: सिनेमा मोड लावला, स्मूदिंग बंद केलं. चेहरा माणसाचा दिसायला लागला! पण बातम्यांची पट्टी खालून कापली जातेय.

बी-३०४: पिक्चर साइजमध्ये फिट टू स्क्रीन किंवा जस्ट स्कॅन बघा, पूर्ण दिसेल. आणि एक राहिलं, ॲपवर एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनचा (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलून दाखवणारे चित्राचे प्रकार) सिनेमा लागला की टीव्ही त्याचा वेगळा मोड घेतो. तो चालू असतानाच मेनू उघडून स्मूदिंग आणि एनर्जी सेव्हिंग तिथेही बंद करा.