"पॉज करून बघत नाही त्याने अर्धाच सिनेमा पाहिला" म्हणे!

उभी_रेघ
काल इथेच रद्दीवालींनी सुपरहिरो सिनेमांतल्या लपवलेल्या गोष्टींची लांबलचक यादी टाकली. यादीबद्दल तक्रार नाही, मेहनत दिसते. पण शेवटचं वाक्य डोक्यात गेलं: "जो पॉज करून बघत नाही, त्याने अर्धाच सिनेमा पाहिला." प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

संदर्भ ठाऊक नसतानाही प्रसंग उभा राहत असेल, तरच तो संदर्भ कामाचा, बाकी नुसती सजावट. 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' (२०१७) घ्या. पीटर ढिगाऱ्याखाली अडकलाय, आधी मदतीसाठी ओरडतो, मग समोरच्या पाण्यात प्रतिबिंब दिसतं: अर्धा चेहरा त्याचा, अर्धा मुखवट्याचा. मग तो ढिगारा उचलतो. प्रसंग १९६६च्या 'अमेझिंग स्पायडर-मॅन' अंक ३३ मधला, अर्ध्या मुखवट्याचा चेहरा ही चित्रकार स्टीव्ह डिटकोची जुनी खूण. अंकाचं नावही न ऐकलेलं पोर तिथे खुर्चीच्या कडेला येतं.

आणि दुसरीकडे थॉरचा बाप ओडिन याचं भांडार. 'थॉर' (२०११) मध्ये मागे सहाही रत्नं जडवलेला इन्फिनिटी गाँटलेट, म्हणजे शक्तिमान हातमोजा, ठेवून दिला. चाहते खूश. त्याच वर्षी 'कॅप्टन अमेरिका'त टेसरॅक्ट नावाचा निळा ठोकळा पृथ्वीवर, आणि पुढे तो टेसरॅक्टच सहांपैकी एक रत्न निघाला. भांडारातला गाँटलेट उजव्या हाताचा. 'एज ऑफ अल्ट्रॉन' (२०१५) च्या शेवटी खलनायक थॅनॉस घालतो तो डाव्या हाताचा. अखेर 'रॅग्नरॉक' (२०१७) मध्ये खलनायिका हेलाकरवी तो ढकलून "नकली" म्हणवून घ्यावं लागलं. दोन सेकंदांच्या टाळीसाठी हा घोळ सहा वर्षं निस्तरत बसले.

रद्दीवाली
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता ऐका.

हेलाचं "नकली" हा रॅग्नरॉकमधला सगळ्यात खणखणीत विनोदांपैकी एक. तुमचा 'घोळ' नसता तर तो विनोदही नसता. पहिल्या 'आयर्न मॅन' (२००८) मध्ये नायक टोनीच्या टेबलावर कॅप्टन अमेरिकाची अर्धवट ढाल दिसते, चिलखत काढायच्या प्रसंगात. पॉज केल्याशिवाय दिसणं मुश्कील. 'आयर्न मॅन २' (२०१०) मध्ये तीच ढाल सरकारी एजंट कोलसनच्या हाती लागते आणि टोनी ती पाइपाखाली सारून यंत्राची पातळी साधतो. कॅप्टन अमेरिकाचा सिनेमा यायला तेव्हा एक वर्ष होतं. मागच्या टेबलावरची गंमत पुढे प्रसंग झाली. ही कुठली सजावट?

आणि ४२ चं काय कराल? 'इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मध्ये नायक माइल्सला चावणाऱ्या कोळ्याच्या अंगावर ४२, लॉटरीच्या बॉलवर ४२. लोक म्हणाले जॅकी रॉबिन्सनचा जर्सी नंबर, बेसबॉलला मानवंदना. पाच वर्षांनी कळलं की कोळी 'अर्थ-४२' या दुसऱ्या विश्वातून आला होता, म्हणूनच घरी पाठवणाऱ्या यंत्राने माइल्सला भलत्याच घरी टाकलं. पहिल्या भागात अल्केमॅक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतून पळताना भिरकावलेला बेगल (भोकाचा गोल पाव) ज्याच्या डोक्यात बसला, तो पुढे 'स्पॉट' नावाचा खलनायक होऊन आला. पॉज करणाऱ्यांच्या हाती धागा आधीपासून होता.

उभी_रेघ
तो ४२ अंकांचा कोळी पडद्यावर ढळढळीत थरथरतो हो, ग्लिच होतो. दुसऱ्या विश्वातला आहे हे तोंडावर सांगितलंय, पॉज कशाला हवा? बेगलवर तर "बेगल!" असं ध्वनिशब्दासारखं अक्षरात लिहून येतं. लपवलेलं काय त्यात? तुमची दोन्ही उदाहरणं माझ्याच पारड्यात पडतात.

तुमच्या यादीत सोयीस्करपणे नसलेलं उदाहरण मी देतो. 'वांडाव्हिजन' मालिका (२०२१), पाचव्या भागाचा शेवट. दार उघडतं, समोर वांडाचा मेलेला भाऊ क्विकसिल्व्हर म्हणून इव्हान पीटर्स, एक्स-मेनच्या वेगळ्या सिनेमांत हेच पात्र करणारा नट. चार भाग लोक तर्क लढवत बसले: दोन विश्वं जुळली, सैतान मेफिस्टो येणार, अमुक पॅनेल, तमुक अंक. नवव्या भागात कळलं, हा राल्फ बोनर नावाचा शेजारी. संदर्भाची टोपी दाखवून चाहत्यांना टोपी घातली.

वेताळटेकडी
पीटर्सबद्दल सहमत, बाकी वांडाव्हिजनवर अन्याय करताय.

त्यातल्या खोट्या जाहिराती आठवा. पहिल्या भागातला स्टार्क टोस्टर: कृष्णधवल चित्रात एकच रंग, लुकलुकणारा लाल दिवा. लहानपणी वांडा दोन दिवस ज्या न फुटलेल्या स्टार्क क्षेपणास्त्रासमोर पडून होती, त्याचा हा दिवा. मग तिच्यावर प्रयोग करणाऱ्यांच्या नावाचे स्ट्रकर घड्याळ आणि हायड्रा सोक, पुढे लागोस पेपर टॉवेल. लागोस म्हणजे 'सिव्हिल वॉर' (२०१६) च्या सुरुवातीचा एक प्रसंग, तिच्या हातून झालेला स्फोट. कॉमिक्सचं एक पान उलटलेलं नसलं तरी चालतं. तिचं दुःख जाहिरातीच्या वेषात येतं. असे संदर्भ मला कितीही द्या.

पण पॉजच्या बाबतीत उभी_रेघ बरोबर. पॉजमध्ये वस्तू सापडतात: पाट्या, बाटल्या, नंबर प्लेटा. चालीतलं काही सापडत नाही. स्पायडर-व्हर्समध्ये जंगलातल्या झोक्यांच्या प्रसंगात अनुभवी पीटर दर फ्रेमला हलतो, माइल्सची पोझ दोन-दोन फ्रेम तशीच राहते. एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे पीटरच्या २४ पोझ आणि माइल्सच्या १२. पोरगं नवशिकं आहे हे डोळ्यांना नुसतं जाणवतं. थांबवलंत की मेलं.

रद्दीवाली
थांबवलं की मेलं?? उलट थांबवूनच सापडलं! कसं ते लिहून ठेवते, पुन्हा वाद नको.

यूट्यूबवरची क्लिप घ्या, कॉम्प्युटरवर. आधी राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि आकड्याच्या शेवटी @२४ आहे का बघा. @३० असेल तर काही फ्रेम दुबार भरलेल्या असतात, मोजणी चुकते, ती क्लिप सोडा. मग पॉज, आणि पूर्णविरामाच्या कळीने एक-एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाने मागे. व्हीएलसी प्लेअरमध्ये ई ही कळ. मागची झाडं बघू नका, कॅमेरा सरकतोय म्हणून ती फसवतात. माइल्सचं कोपर बघा: हललं, थांबलं, हललं, थांबलं. मग पीटरचं. प्रसंग पुढे सरकतो तशी माइल्सची लय बसत जाते. ओटीटीवर हे जमत नाही, तिथे दहा सेकंदांच्या उड्या.

आता सांगा कोणी मारलं.

तिसरा_पडदा
तुमचं चालू द्या. मला एकच सांगा, पाट्या आणि बाटल्या शोधता, नावं कधी वाचता? थेटरात नावं सुरू झाली की दिवे लागतात, अर्धी जनता पार्किंगकडे, उरलेली शेवटच्या तुकड्यासाठी मोबाइल चाळत बसते. 'स्पेशल थँक्स'मध्ये ज्यांची नावं झरझर वर जातात, त्यांच्याच पानांवरून हे 'संदर्भ' आलेत.

प्रत्येक सिनेमात लेखक स्टॅन लीचा कॅमिओ शोधलात. ही पात्रं रेखाटणारा जॅक कर्बी १९९४ मध्येच गेला, आणि त्याच्या वारसांची मार्व्हलशी तडजोड व्हायला २०१४ उजाडलं. कॉमिक्सलेखक एड ब्रुबेकरने विंटर सोल्जर हे पात्र उभं केलं. त्याच नावाच्या सिनेमात तो शास्त्रज्ञ म्हणून क्षणभर दिसतो. त्या झलकेच्या मानधनातून पात्र घडवल्याबद्दलपेक्षा जास्त पैसे मिळाले, हे त्याने २०२१ मध्ये स्वतः सांगितलं. हा ईस्टर एग (लपवलेली गंमत) टाका ना यादीत.

वेताळटेकडी
@तिसरा_पडदा, पैशांबद्दल वाद नाही. पण कर्बी पडद्यावर आहे. रॅग्नरॉकचा सकार ग्रह म्हणजे कर्बीच्या रेघा आणि रंग. स्पायडर-व्हर्समध्ये विश्वं जोडणाऱ्या कोलायडर यंत्रातले ऊर्जेचे काळे ठिपके, तेही कर्बीचेच.

तिसरा_पडदा
ठिपक्यांना मानधन मिळतं का?

वेताळटेकडी
अवांतर, पण मराठी लोकांच्या धाग्यावर हे कुणीच कसं काढलं नाही? 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३) मधलं मुंबॅटन, मुंबई आणि मॅनहॅटन जोडून केलेलं शहर. तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर मुळात २००४ च्या चार अंकी मालिकेतला, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांचा. पण त्या शहराचं रूप घेतलंय इंद्रजाल कॉमिक्सवरून. टाइम्सवाल्यांचं प्रकाशन, १९६४ ते १९९०, मराठीतही निघायचं. वेताळ, मॅन्ड्रेक, १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. सिनेमात कडांना जो रंग सरकलेला दिसतो ना, लाल एकीकडे, निळा दुसरीकडे, तो थेट आपल्या इंद्रजालच्या छपाईला सलाम. हाच सिनेमा थेटरात मराठीत डब होऊन आला होता, हे वर्तुळ कुणाच्या लक्षात आलं?

शाईवाला
इतका वेळ गप्प होतो. मुंबॅटनचे रंग इंद्रजालवरून, मान्य. पण कडांचा सरकलेला रंग हा इंद्रजालला सलाम, हे साफ चूक. तो २०१८ च्या पहिल्या सिनेमापासून आहे, ब्रुकलिनमध्ये, मुंबॅटनचा पत्ताही नव्हता तेव्हा.

आणि ती छपाईची नक्कलही नव्हे. छपाईत रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, हलतं म्हणजे काय होतं? चार प्लेटा: सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळी, काळी. न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, ओल शोषतो, ताणाखाली पसरतो. मशीनच्या पहिल्या रंगाच्या युनिटवरून चौथ्यावर जाईपर्यंत कागदाचं माप किंचित बदललेलं असतं, म्हणून शेवटचा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही. एक मिलिमीटर हललं की ओठांचा रंग हनुवटीवर. यावर तोड म्हणून काळी रेघ जाड ठेवायची, रंगाची कड तिच्याखाली झाकली जाते. जुन्या कॉमिक्सच्या जाड रेघेमागे हे एक रोखठोक कारण. रंगही मोजके: तीन शाया, प्रत्येकीच्या ०, २५, ५०, १०० टक्के अशा चार पायऱ्या, ४×४×४ म्हणजे ६४. ठिपके मोठे, कारण बारीक ठिपका न्यूजप्रिंटवर पसरून शेजाऱ्याला चिकटतो आणि चिखल होतो.

आता मुद्दा. प्लेट हलली की अख्खं पान हलतं, सगळं एकाच दिशेला. कागद ताणला असेल तर कडेला थोडं जास्त. जवळचा नायक आणि लांबची इमारत असा भेद मशीनला कळत नाही. सिनेमात मात्र माइल्सचा चेहरा स्वच्छ, आणि लांब जावं तशी कड फाटत जाते. म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सने मागचं धूसर होतं, त्या जागी त्यांनी रंग सरकवलेत. छपाईत असं होणं अशक्य. नुसतं "आपलं इंद्रजाल" म्हणून ऊर भरून आला की डोळे मिटतात, त्यातला प्रकार.

वेताळटेकडी
ऊर आमचा, डोळे आमचे, तुम्ही प्लेटा बघा.

छपाईची चूक घेऊन तिच्याकडून लेन्सचं काम करून घेतलं, हे तुम्हीच आता तीन परिच्छेद लिहून सिद्ध केलंत. मग तो संदर्भ नाही तर काय आहे? हुबेहूब नक्कल म्हणजेच संदर्भ असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? होमकमिंगचा ढिगारा तरी अंक ३३ मधल्या यंत्रासारखा कुठे आहे?

शाईवाला
तुमचं वाक्य वर तसंच आहे, खोडू नका: "थेट आपल्या इंद्रजालच्या छपाईला सलाम". थेटही नाही, आपल्याही नाही. अमेरिकन न्यूजप्रिंटच्या अंकांना म्हणालात तर अर्धा गुण देतो.

वेताळटेकडी
अर्धा गुण ठेवा तुमच्याकडेच, पुढच्या प्लेटला लागेल.

उभी_रेघ
दोघेही भांडत भांडत माझाच मुद्दा मांडताय, कळतंय का? रंग सरकवल्याने मागचं लांब वाटतं. रजिस्टर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही लांबच वाटतं. पॉज नको, यादी नको.

रद्दीवाली
वा! म्हणजे एका माणसाने चित्र थांबवून कडा तपासल्या, दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि श्रेय पॉज न करणाऱ्याला. शाईवाले, माइल्सचा चेहरा स्वच्छ आणि इमारत फाटलेली, हे चालू सिनेमात टिपलंत की थांबवून?

शाईवाला
थांबवून. पण पहिल्यांदा बघताना थ्रीडीचा चष्मा द्यायला विसरलेत असं वाटलं होतं, ते न थांबवता.

उभी_रेघ
बरं बाई. "अर्धाच सिनेमा" मागे घ्या, मी "सजावट" मागे घेतो. ढाल आणि टोस्टर तुम्हाला बहाल. गाँटलेट आणि राल्फ बोनर माझ्याकडे राहतील. आणि ते 'मून नाइट' मालिकेतले (२०२२) क्यूआर कोड यादीत पहिल्या नंबरवर का होते? दृश्यात चिकटवलेलं जाहिरातीचं पत्रक ते.

रद्दीवाली
काही मागे घेत नाही. पत्रकच आहे, पण काय हातात देत होतं ते बघा: पहिल्या भागातल्या संग्रहालयाच्या प्रसंगातला कोड 'वेअरवुल्फ बाय नाइट' अंक ३२ वर नेत होता, १९७५, मून नाइट पहिल्यांदा दिसला तो अंक. दुकानात तो अंक मागून बघा, किंमत ऐकून परत याल.

तिसरा_पडदा
मोबाइलवरच बघत असलो तर स्कॅन कसा करायचा? स्क्रीनशॉट काळा येतो.

रद्दीवाली
ओटीटीच्या ॲपमध्ये काळाच येणार, कॉपी होऊ नये म्हणून तशी सोय असते. दुसरा फोन लागेल. पहिल्यावर पॉज करा, मधोमध येणारी बटणं नाहीशी होईपर्यंत थांबा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा, नाहीतर पांढरे चौकोन फुटतात. कोड तिरका असेल तर दुसरा फोनही तेवढाच तिरका धरा. आणि टीव्ही असेल तर फार जवळ जाऊ नका, पडद्याच्या जाळीमुळे पट्टे उमटतात.

उभी_रेघ
म्हणजे सिनेमा बघायला आता दोन फोन.