मदत हवी आहे: मुंबईत महिन्याला ६००० रुपयांत जेवण आणि व्यायाम दोन्ही बसवायचं आहे

एकटा_मुलुंड (२६ जून, रात्री ११:४०)

सरळ मुद्द्यावर येतो. भाडं देऊन आणि गावी पैसे पाठवून झाल्यावर खाणं आणि व्यायाम मिळून ६००० च्या वर एक रुपया काढता येत नाही. सध्या जवळजवळ दुप्पट जातात. जिम या महिन्यापासून बंद. वजन मात्र कमी करायचंच आहे, तेही लवकर. रोज काय खाऊ आणि काय करू ते नेमकं सांगा. "बाहेरचं खाणं बंद करा" एवढंच लिहू नका, ते मलाही कळतं. १ तारखेपासून सुरू करायचंय.

---

मोडाची_मटकी (२६ जून, रात्री ११:५८)

वय, वजन, ऑफिस कुठे, कामाची वेळ, शाकाहारी की मांसाहारी, गॅस आहे का, फ्रिज आहे का, किती जण राहता? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आणि दुप्पट म्हणजे किती, कशावर? ते लिहा, मग बोलू.

---

आगरवाला (२७ जून, सकाळी ७:१०)

एवढा विचार कसला करता? मुंबईत राहून स्वस्त आणि पौष्टिक खायचं तर मासळी. आता १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी आहे, ताजं महाग मिळेल. पण आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी मे महिन्यातच होते. जवळा, सुके बोंबील, करंदी डबे भरून ठेवायचे. मूठभर जवळा कांद्यावर परतला, कोकम टाकलं, की दोन भाकऱ्या सहज जातात. सुक्या मासळीत पाणी नसतं, त्यामुळे वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. कसली पावडर लागत नाही.

---

एकटा_मुलुंड (२७ जून, सकाळी ९:०५)

आगरवाला, मालक खालच्या मजल्यावर राहतात. रूम देतानाच सांगितलंय, अंडंसुद्धा वर आणायचं नाही. सुकटाचा वास जिन्यातच पोचेल, दुसऱ्या दिवशी सामान बाहेर. मी बाहेर सगळं खातो, रूमवर शाकाहारी.

वय २९, वजन ७८. आम्ही तिघं राहतो, दोघांना स्वयंपाकात रस नाही. ऑफिस अंधेरीजवळ चकाल्याला. आता सांगा.

---

पहाटपाचला (२७ जून, सकाळी ९:३०)

व्यायामाला एक पैसा लागत नाही. पहाटे पाचला उठून ५ किलोमीटर धावा. तीन महिन्यांत ९ किलो कमी झालं माझं. बूट तेवढे चांगले घ्या.

---

तालीमवाला (२७ जून, सकाळी १०:१५)

पहाटपाचला, वर्षभर खुर्चीत बसलेल्या ७८ किलोच्या माणसाला एकदम सिमेंटच्या रस्त्यावर धावायला लावू नका. माझ्या भावाचा गुडघा असाच गेला आणि पुढचे सहा महिने तो जिनासुद्धा धरून उतरत होता. आधी जोर, बैठका, सूर्यनमस्कार. सहा बाय तीनची सतरंजी पसरेल एवढी जागा पुरते. पहिल्या आठवड्यात ४ नमस्कार, मग दर आठवड्याला दोन वाढवा, १२ ला थांबा. दम लागला की थांबायचं, आकडा गाठायला जायचं नाही.

आणि जमलं तर शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात एकदा नुसतं बघायला जा. मल्लखांबावरची मुलं बघितलीत की शरीर कसं घडतं ते कळेल. उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

---

पहाटपाचला (२७ जून, सकाळी १०:४०)

मुलुंडचा माणूस चकाल्याला नोकरी करून दादरला मल्लखांब बघायला कधी जाणार? त्याला वजन कमी करायचंय. धावण्याने होतं, नमस्काराने नाही. स्वतःवर करून बघितलंय म्हणून सांगतोय.

---

तालीमवाला (२७ जून, सकाळी १०:५२)

मीही स्वतःवरच केलंय, वीस वर्षं. तुमचे तीन महिने झालेत.

---

मोडाची_मटकी (२७ जून, दुपारी १:२०)

दोघांचंही बरोबर असेल, पण माणूस घरी किती वाजता येतो ते अजून कुणाला माहीत नाही. एकटा, गॅस-फ्रिजचं उत्तर राहिलं. आणि हिशोब टाका. मागच्या महिन्याचा, आठवेल तसा. फोनवरून पैसे देत असाल तर सगळी नोंद फोनमध्येच आहे.

---

एकटा_मुलुंड (२७ जून, रात्री १०:३०)

गॅस नाही. इंडक्शन आहे. फ्रिज नाही.

फोन उघडून बसलो, हा हिशोब:
दुपारचा डबा ८० गुणिले २६, २०८०.
रात्रीचं मागवलेलं, २० वेळा, साधारण २०० ला एक, ४०००.
संध्याकाळी वडापाव किंवा समोसा आणि चहा, रोज ४५ धरून ११७०.
जिम १५००.
प्रथिनांची पावडर २४००.
एकूण १११५०.

सकाळी ९:३० ते ६:३० काम. मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकल, रूमवर पोचायला आठ वाजतात.

---

मोडाची_मटकी (२७ जून, रात्री ११:०५)

आता दिसलं. तुमचा डबा महाग नाही. ८० रुपयांत पोळ्या, भाजी, वरण मिळतंय, तो चालू ठेवा. पैसे जातात ते साडेसहा ते साडेआठच्या भुकेत. घाटकोपरच्या पुलावर धक्के खाऊन रूमवर पोचता तेव्हा पोटात काही नसतं, आणि त्या क्षणी कुणीच कांदा चिरायला बसत नाही. फोन हातात येतो. मी स्वतः चार वर्षं हेच केलं, म्हणून ओळखीचं वाटतंय.

म्हणून पहिला बदल रात्रीच्या जेवणात नको, ऑफिसातून निघतानाचा करा. खिशात एक मूठ फुटाणे आणि थोडा गूळ किंवा शेंगदाणे ठेवा, मेट्रोत चढायच्या आधी खा. साधारण ५० ग्रॅम फुटाण्यात १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि खर्च ८-१० रुपये. भूक अर्धी झालेली असली की रूमवर वीस मिनिटं उभं राहवतं.

पावडर बंद करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवायला असल्या पावडरी घेऊ नका असंच म्हटलंय. त्यांच्या हिशोबाने दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला ६५ च्या आसपास. डब्यात १६-१७ येतात. फुटाणे १०. ५० ग्रॅम कोरडी मटकी भिजवली तर १२. ३० ग्रॅम सोयाच्या वड्या १५. एक मोठी वाटी दही ६. झाले ६०. बाहेर दोन उकडलेली अंडी खाल्लीत त्या दिवशी ७० पार.

---

परळ_जुनं (२८ जून, सकाळी ८:००)

अवांतर होईल, पण राहवत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाने मुंबईत जेवायचं कसं, हा प्रश्न गिरणगावाने कधीच सोडवला होता. आमच्या लालबागच्या चाळीत एका खोलीत चौदा-पंधरा गिरणी कामगार जेवायला यायचे. पाळी बदलली की पंगत बदलायची. बायका पहाटे चारपासून भाकऱ्या थापायच्या आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असायच्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १९८२ च्या संपानंतर जेवणारेच गावी गेले. आज त्या पोराला २०० रुपये देऊन गार झालेला भात खावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं. मुलुंडला स्टेशनजवळ पोळीभाजी विकणाऱ्या बायका असतील, त्यांच्याकडून भाकरी घे बाबा. पैसे त्यांच्या घरात जातील.

---

सरकारी_ताट (२८ जून, सकाळी ९:४५)

शिवभोजन थाळी कुणी सुचवलीच नाही? २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, १० रुपयांत दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. त्याआधी १९९५ ला झुणका भाकर १ रुपयात होती.

---

मोडाची_मटकी (२८ जून, सकाळी १०:१०)

ती दुपारची थाळी आहे आणि यांचा घोळ रात्रीचा आहे. शिवाय ज्याला ८० चा डबा परवडतो त्याने ती जागा अडवू नये असं माझं मत.

एकटा, मला एक विचारायचंय. वजन "लवकर" का? लग्नबिग्न आहे का काही?

---

एकटा_मुलुंड (२८ जून, रात्री ९:१५)

नाही. ऑफिसच्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आला. बाबांना साखर आहे. मागच्या वर्षी त्यांच्या पायाचं बोट काढावं लागलं. जिमवाल्याला रिपोर्ट दाखवला तर तो म्हणाला ही पावडर घे, सगळं खाली येईल.

---

डाळखिचडी (२८ जून, रात्री ९:५०)

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, दादा. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ५.७ ते ६.४ याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. घाबरू नका, इथून मागे येता येतं. पण रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा आणि वडिलांचं सांगा, ते माझ्या किंवा इथल्या कुणाच्या सल्ल्यावर सोडू नका.

तुमच्यासाठी दोन गोष्टी बदलतात. मटकीताईंनी सांगितलेला गूळ काढा, नुसते फुटाणे. आणि व्यायामात धावणं की नमस्कार हा वाद बाजूला ठेवा. रात्रीचं जेवण झालं की लगेच पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर साखर वर जाते, चालताना स्नायू ती वापरतात, उसळी कमी होते. चप्पल घालून कालिदास नाट्यगृहापर्यंत जाऊन आलात तरी चालेल. आठवड्याला निदान १५० मिनिटं चालणं व्हायला हवं, ते यातच बरंचसं भरतं. नमस्कार सकाळी करा, स्नायूंचं कामही लागतंच.

खिचडी करता ना? लोक एक वाटी तांदळाला पाव वाटी डाळ घालतात. तुम्ही उलटं करा, एक भाग तांदूळ, दोन भाग मूगडाळ, वर दुधी किंवा गाजर किसून. घट्ट नको, पळीवाढी ठेवा.

---

पहाटपाचला (२८ जून, रात्री १०:०५)

सकाळी मरोळ नाक्याला उतरून चकाल्यापर्यंत चालत गेलात तर तिकिटाचेही थोडे वाचतील.

---

तालीमवाला (२८ जून, रात्री १०:२०)

अंधेरी-कुर्ला रोडवरून, सकाळी नऊला? ट्रकांचा धूर घ्यायला? त्यापेक्षा दहा मिनिटं आधी उठून सतरंजीवर उभं राहावं. डाळखिचडी यांचं रात्री चालायचं मात्र मान्य.

---

एकटा_मुलुंड (३० जून, रात्री ९:४०)

आईने गावाहून हिंडालियमचा कुकर पाठवला. इंडक्शन चालूच होत नाही, टिकटिक करून बंद पडतं. बिघडलंय का? उद्या १ तारीख आहे.

---

मोडाची_मटकी (३० जून, रात्री ९:४८)

बिघडलेलं नाही. इंडक्शनला बुडाला चुंबक चिकटेल असंच भांडं लागतं, ॲल्युमिनियम किंवा हिंडालियम चालत नाही. तीन लिटरचा स्टीलचा कुकर घ्या, घेताना दुकानात बुडाला चुंबक लावून बघा. हा एक खर्च या महिन्यात सोसा, पावडरीच्या पैशांत बसेल. मालक लाइट बिलावरून बोलले तर सांगा, १२०० वॅटवर वीस मिनिटं म्हणजे ०.४ युनिट. युनिटला १० धरले तरी ४ रुपये.

---

एकटा_मुलुंड (१३ जुलै, रात्री १०:५०)

उशिरा लिहितोय. स्टीलचा कुकर घेतला. १२ दिवसांत फक्त दोनदा मागवलं. फुटाण्यांनी खरंच फरक पडतो, घाटकोपरला आता वडापावच्या गाडीवर पाय थांबत नाही. रात्री जेवून चालतो, पाऊस जोरात असला की इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. आता एक रूम पार्टनरही सोबत येतो आणि कुकरमध्ये त्याचे तांदूळ पडतात, निम्मे पैसे देतो. नमस्कार सहावर आलेत. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलंय.

अडलंय ते मटकीपाशी. दोनदा फडक्यात घट्ट बांधून ठेवली, दोन्ही वेळा संध्याकाळी चिकट झाली आणि वास आला. फेकून दिली. आई बांधायची तशीच बांधली होती.

---

मोडाची_मटकी (१३ जुलै, रात्री ११:१०)

आईकडे कोरडी हवा असेल, इथे जुलैत फडकंच वाळत नाही. घट्ट पुरचुंडी बांधू नका. सकाळी भिजत घाला. रात्री पाणी काढून, दोनदा धुऊन, स्टीलच्या चाळणीत पसरा आणि वर नुसतं ताट ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणखी एकदा पाण्याखालून काढून नीट निथळा. संध्याकाळी आलात की मोड आलेले असतील. फ्रिज नाही तर त्याच रात्री संपेल एवढीच, दोघांना मिळून एक वाटी कोरडी.

---

आगरवाला (१३ जुलै, रात्री ११:२५)

मटकी नाही जमली तर कुळीथ आणा. मोड यायला दीड-दोन दिवस लागतात, शुक्रवारी रात्री भिजत घाला म्हणजे रविवारी मिळेल. आणि शिजवलेल्या पाण्याचं कढण करा, त्याला लसणाची फोडणी आणि दोन कोकमं. मालकांनाही वाटीभर नेऊन द्या.