मदत हवी आहे: घ्राणस्तराच्या मायक्रोसोममध्ये (पेशीतल्या पडद्यांच्या बारीक तुकड्यांत) प्रकाशशोषणाचं शिखर ४५० ऐवजी ४२० नॅनोमीटरला का?

उंदरांच्या ७ दिवसांच्या पिल्लांच्या नाकातल्या घ्राणस्तरात (वास ओळखणाऱ्या अस्तरात) सायटोक्रोम पी४५० (औषधं-रसायनं मोडणारी एन्झाइम्स) मोजायचंय. एका पिल्लातून ऊतक नखभर, म्हणून १२ पिल्लांचं एकत्र केलं. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसल्याने कॅल्शियमची पद्धत: २५० मिलीमोलर सुक्रोज, १० मिलीमोलर ट्रिस, पीएच ७.४, १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पट) ला फिरवून गाळ काढून वरच्या द्रवात ८ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, मग २७,००० जी, १५ मिनिटं. बफरमध्ये ईडीटीए मुद्दाम नाही, तो कॅल्शियम पकडतो आणि मायक्रोसोम खाली बसतच नाहीत.

सीओ-फरक वर्णपटात (कार्बन मोनॉक्साइड जोडल्यावर प्रकाशशोषणात पडणारा फरक) ४५० ला जेमतेम फुगवटा, ४२० ला मोठा. ४२० ला दिसतंय ते मोडलेलं पी४५०, की रक्तातलं हिमोग्लोबिन? सीओ दोन्ही क्युव्हेटमध्ये सोडून डायथायोनाइट (क्षपणकारक) एकातच टाकल्यास हिमोग्लोबिनचा भाग बराचसा वजा होतो ना? डायथायोनाइटवरही संशय आहे. गोव्याच्या पावसात उघडलेली बाटली लगेच दमट होते.

हिमोग्लोबिन काढायला पायरोफॉस्फेटने धुणं इतक्या कमी मालाला परवडेल का? की वर्णपट सोडून कुमारिन ७-हायड्रॉक्सिलेशनच (एन्झाइम कुमारिनवर किती क्रिया करतं ते) मोजावं? सीवायपी२ए५ (पी४५० पैकी एक एन्झाइम) साठी ते जास्त संवेदनशील, पण वाढीनुसार एकूण पी४५० कळणार नाही.

पणजी-बांबोळीकडे कुणाकडे १,००,००० जी चा रोटर मोकळा असेल तर जरूर कळवा. नमुने बर्फात घेऊन येईन.