डेस्कटॉपला जीपीएस नसतो म्हणून काय झालं?

मनवा_कर्वेनगर

यंत्रमित्र यांनी काल लिहिलं होतं: "डेस्कटॉपमध्ये जीपीएस नसतो. विंडोजच्या लोकेशनच्या बटणावरून आरडाओरडा करणारे उगाच बाऊ करतात. खिशात फोन घेऊन फिरणाऱ्यांनी खासगीपणाच्या गप्पा मारू नयेत."

उत्तर लांबणार आहे, पण हे असंच सोडून देता येत नाही.

जीपीएस लागतोच कुठे? लॅपटॉपला आजूबाजूची वायफाय दिसतात. प्रत्येक राउटरचा स्वतःचा क्रमांक असतो. पाच-सहा राउटरचे क्रमांक आणि त्यांच्या सिग्नलचा जोर कंपनीच्या सर्व्हरला पाठवला की तिकडून अक्षांश-रेखांश येतात. शहरात राउटर इतके दाट आहेत की नेमकी इमारतही कळू शकते. मेरीलँड विद्यापीठाच्या एरिक राय आणि डेव्ह लेविन यांनी 2024 मध्ये दाखवलं की ॲपलच्या अशाच सेवेला एका राउटरचा क्रमांक विचारला तर आसपासच्या 400 पर्यंत राउटरची ठिकाणं उत्तरात येतात. त्यावरून त्यांना युक्रेनमधले स्टारलिंकचे, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारे, संच हलताना दिसले. हे त्यांनी कोणाचाही फोन न फोडता केलं.

माझा राग लोकेशनवर नाही, बटणावर आहे. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन स्टोअरमधून घेतलेल्या ॲप्सना एकेक करून परवानगी देता येते. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमना, म्हणजे आपण रोज वापरतो त्यातल्या बहुतेकांना, वर्षानुवर्षं मिळून एकच बटण होतं. आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच लिहून ठेवते की लोकेशन बंद असलं तरी काही प्रोग्रॅम वायफाय, ब्लूटूथ वगैरे वापरून ठिकाण काढू शकतात. मग त्या 'बंद'वर मी विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

यंत्रमित्र

मनवाताई, माहिती चांगली आहे, निष्कर्ष पटला नाही. माझ्या मुलाचा लॅपटॉप स्वारगेटला रिक्षात राहिला. फाइंड माय डिव्हाइस चालू होतं म्हणून दुसऱ्या दिवशी नकाशावर बिबवेवाडीचा ठिपका दिसला. रिक्षावाले सज्जन निघाले. लॅपटॉप कोणाचा ते कळावं म्हणून त्यांच्या मुलाने घरच्या वायफायला जोडला होता. लोकेशन बंद असतं तर पोरगा प्रोजेक्टसकट बसला असता. तुमच्या मेरीलँडच्या प्राध्यापकांनी माझा लॅपटॉप शोधून दिला नसता.

लोखंडी_टर्मिनल

म्हणूनच गेली कित्येक वर्षं सांगतोय, विंडोज सोडा, लिनक्स वापरा. प्रश्नच मिटतो.

दादरचा_सिसॲडमिन

लिनक्सवाल्यांनी इतका भाव खाऊ नये. लिनक्सचंच उबुंटू 12.10 आठवतं का? 2012. डॅशमध्ये, म्हणजे त्याच्या शोधखिडकीत, स्वतःच्या संगणकावरची फाइल शोधायला गेलो की शब्द उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरवर जायचे आणि ॲमेझॉनची सामानं समोर यायची. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ स्पायवेअर, म्हणजे हेरगिरीचा प्रोग्रॅम, म्हटलं होतं. तो प्रकार मुळात बंद ठेवून द्यायला 2016 चं 16.04 उजाडावं लागलं.

आणि मनवा, तुमच्यासारख्यांच्या ओरडीचा त्रास आम्हाला होतो. विंडोज 11 च्या 24एच2 या 2024 च्या अपडेटपासून वायफायची यादी बघायची साधी नेटशेल कमांड (टाइप करून द्यायची आज्ञा) चालवायची तरी लोकेशन चालू करा म्हणून सांगते. वायफाय का तुटतंय ते बघायला जावं, तर समोरचा विचारतो, "माझं लोकेशन कशाला पाहिजे तुम्हाला?" दिवसभर हेच.

मनवा_कर्वेनगर

दादरकर, तुमचा त्रास खरा आहे. पण ती कमांड परवानगी मागते कारण वायफायची यादी म्हणजेच तुमचा पत्ता. अँड्रॉइडने हे 2015 मध्येच मान्य केलं, सहाव्या आवृत्तीपासून वायफाय स्कॅनला लोकेशनची परवानगी लागायला लागली. विंडोजला 2024 उजाडलं. मधल्या काळात कुठलाही प्रोग्रॅम ती यादी न विचारता वाचू शकत होता. समोरचा माणूस "कशाला पाहिजे" असं विचारतो हे मला तरी चांगलं लक्षण वाटतं.

दादरचा_सिसॲडमिन

ठीक आहे, तेवढा मुद्दा मान्य. कमांडचा त्रास आहे तो आहेच.

देवगड_ते_हिंजवडी

घरच्या संगणकाचं राहू द्या, कंपनीच्या लॅपटॉपचं बोला. पावसाळ्यात आई आजारी होती म्हणून परवानगी घेऊन गावाहून काम करत होतो. मॅनेजरचा फोन आला, "तू देवगडला आहेस म्हणतोस, सिस्टिम मुंबई दाखवते." आयपीवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, काढलेलं ठिकाण, ते इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या मुंबईच्या यंत्रणेचं निघालं. मला घरच्या विजेच्या बिलाचा फोटो पाठवायला लावला. आईच्या उशाशी बसून मी स्वतःच्याच घरात असल्याचा पुरावा देत होतो. तेव्हापासून हे लोकेशन कोणासाठी आहे याबद्दल माझा गैरसमज उरलेला नाही.

एचआर_मधली_एक

त्या मॅनेजरने चुकीचं केलं, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. परदेशी ग्राहकाच्या करारात लिहिलेलं असतं की डेटा अमुक देशाबाहेर उघडायचा नाही. आमच्याकडे एक जण न सांगता दुबईहून काम करत होता. ग्राहकाला कळलं, टीमवर चौकशी बसली, निरपराध लोकांचं अप्रेझल अडकलं. लॅपटॉप कंपनीचा आहे. त्यावर कंपनीने लक्ष ठेवलं तर त्यात विश्वासघात कसला?

देवगड_ते_हिंजवडी

देश कळायला आयपी पुरतो ना? मग गाव, गल्ली, घर कशाला? दुबईचं कारण सांगायचं आणि आम्ही जेवायला किती वाजता उठतो ते मोजायचं.

एचआर_मधली_एक

जेवणाचं कोणी मोजत नाही. कृपया आरोप करताना भान ठेवा.

देवगड_ते_हिंजवडी

माझ्या आधीच्या कंपनीत मोजत होते. कीबोर्ड थांबला की पिवळा ठिपका. भान मला शिकवू नका.

ॲड_सावनी

दोघांनीही जरा थांबा. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने 8 जुलै 2024 ला एक निकाल दिला. अमली पदार्थांच्या प्रकरणात जामीन देताना आरोपीने गुगल मॅपवरचा पिन तपास अधिकाऱ्याला देत राहावं अशी अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून टाकली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालीवर सतत नजर ठेवणारी अट खासगीपणाच्या हक्काच्या आड येते, असं त्यांनी म्हटलं. इतक्या गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीला जे संरक्षण आहे, ते पगारी माणसाला नसावं का?

खासगी कंपनीला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, हेही सांगते. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायला वाट ठेवलेली आहे. ती वाट किती रुंद, यावर पुढे भांडणं होतील.

एचआर_मधली_एक

शेवटचं वाक्य लिहिलंत हे बरं केलंत. गरजेपुरतं शहर कळलं तरी आमचं भागतं, एवढं मी मान्य करते. पण लक्ष ठेवायचं साधन शहरापर्यंतच थांबवायची सोय ते विकणारे देत नाहीत.

यंत्रमित्र

धागा डेस्कटॉपचा होता, गेला कंपन्यांवर. माझा मूळ प्रश्न तसाच आहे: फोन खिशात असताना लॅपटॉपचं दुःख कशाला?

मनवा_कर्वेनगर

कारण फोन निदान विचारतो: एकदाच, वापरताना, कधीच नाही. प्रत्येक ॲपला वेगळं. डेस्कटॉपवर ही सवय फार उशिरा आली आणि अजून अर्धवट आहे. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा 'एक्सप्रेस सेटिंग्ज'वर टिचकी मारली की लोकेशनसकट सगळं चालू. वडिलांनी तीच मारली होती. समोर मोठं दिसतं ते बटण माणूस दाबतो. पुढच्याच वर्षी सीएनआयएल या फ्रान्सच्या माहिती-संरक्षण संस्थेने मायक्रोसॉफ्टला नोटीस काढली, मग 2017 च्या अपडेटमध्ये एकेक पर्याय समोर आला. ओरड झाली म्हणून तो आला.

त्यातून आपल्याकडे देशभर एकच प्रमाणवेळ. घरात टेबलावर ठेवलेल्या संगणकाला वेळ लावायला लोकेशनची गरज शून्य. हवामान बघायचं तर सेटिंगमध्ये पुणे लिहून ठेवता येतं.

तुमच्या मुलाचा लॅपटॉप मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. ती सोय ज्याला हवी त्याने चालू करावी. मुळात बंद असावी, प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी असावी, आणि बंद केली की खरंच बंद व्हावी. एवढंच मागतेय.

यंत्रमित्र

तुमच्या पद्धतीने मुळात बंद असती तर माझ्या मुलाने ती कधीच चालू केली नसती, आणि लॅपटॉप गेला असता. हे तुम्ही टाळताय.

मनवा_कर्वेनगर

टाळत नाही. हो, काही लॅपटॉप जातील. न विचारता प्रत्येकाचं घर नोंदवून ठेवण्यापेक्षा मला ते परवडतं.

यंत्रमित्र

मला नाही परवडत. मात्र त्या जुन्या प्रोग्रॅमच्या एकाच बटणाबद्दल तुमचं बरोबर आहे. आत्ता उघडून बघितलं. यादीत एक छपाईचा प्रोग्रॅम आहे, त्याने काल रात्री लोकेशन घेतलं आहे. प्रिंटर याच खोलीत आहे.

दादरचा_सिसॲडमिन

प्रोग्रॅमचं नाव मला खासगीत पाठवा. आमच्या ऑफिसात बहुतेक तोच आहे.