मदत हवी आहे: भारतात हिपॅटायटिस नक्की किती जणांना? आकडे जुळत नाहीत

म्हापशेकरीण: भारतात हिपॅटायटिस किती जणांना आहे? कुठे चार कोटी, कुठे तीन कोटी, तर कुठे एक टक्काही नाही. उद्या घरी दाखवायचंय, एकच आकडा द्या. 'गूगल करा' म्हणू नका, तेच करून इथे आलेय.

डिचोलीकर: ताई, यकृताला सूज आणणारे हे विषाणू बरेच. कुठला? ए, बी, सी, ई? ए आणि ई दूषित पाण्या-अन्नातून येतात, बहुतेकांची कावीळ आपोआप बरी होते. बी आणि सी वर्षानुवर्षं अंगात मुक्काम करू शकतात.

म्हापशेकरीण: बी. अजून कुठला?

काजूबागवाला: मला कॉलेजात असताना कावीळ झालेली. सत्तरीतल्या एका आजोबांनी भुईआवळ्याचा रस दिला, पंधरवड्यात ठणठणीत. डॉक्टरकडे गेलोच नाही.

लॅबवाला_फोंडा: भाऊ, तुमची ए किंवा ई असणार, ती नुसत्या पेजेवरही गेली असती. ताईंनी आकडा विचारलाय, औषध नाही.

ताई, चार कोटी हा जुना अंदाज, छोट्या छोट्या पाहण्यांवरून काढलेला. २.९८ कोटी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालातला, २०२२ सालासाठी, म्हणजे शंभरात साधारण दोन. सीचे ५५ लाख वेगळे. आणि ०.९५ टक्के हा कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) घेतलेले रक्तनमुने तपासून आलेला. सीसाठी तिथेच ०.३२.

काजूबागवाला: सरकारी आकडा कमीच असणार मरे!

लॅबवाला_फोंडा: त्यात प्रत्यक्ष रक्त तपासलंय. पण घरोघरी फिरणाऱ्या पाहणीत तुरुंगातले, सुईने नशा करणारे येत नाहीत. काही आदिवासी वस्त्यांत प्रमाण बरंच जास्त सापडलंय. सरासरीत ते बुडून जातं.

डिचोलीकर: पण घरी आकडा दाखवायचाय कोणाला?

म्हापशेकरीण: सासूबाईंना. ह्यांनी शिबिरात रक्त दिलं, मग रक्तपेढीतून फोन आला, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. त्या दिवसापासून ह्यांचं ताट वेगळं. पेल्याच्या कानाला लाल दोरा बांधलाय, मुलांचा हात लागू नये म्हणून. म्हटलं, एवढ्या लोकांना असतं हे कळलं तर निवळतील.

लॅबवाला_फोंडा: हे आधी सांगायचं ना! आकड्याने त्या आणखी घाबरतील. एवढंच सांगा, बी ताटातून, पेल्यातून, मिठी मारून पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. दोरा काढा. दाढीचं ब्लेड, ब्रश, नेलकटर मात्र वेगळं ठेवा.

रक्तपेढीची चाचणी ही चाळणी असते. डॉक्टरकडून पक्की करून घ्या. सहा महिन्यांनीही पॉझिटिव्ह असेल तरच जुनाट म्हणतात, आणि तेव्हाही सगळ्यांना गोळ्या लागत नाहीत. लागल्या तर २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या मोफत आहेत. तुमची स्वतःची चाचणी झाली?

म्हापशेकरीण: नाही. मला काही होत नाहीये.

लॅबवाला_फोंडा: बहुतेकांना होतच नाही, म्हणून तर शिबिरात कळतं. तुमची आणि मुलांची करून घ्या. निगेटिव्ह आणि लस नसेल तर तीन डोस, आज, महिन्याने, सहाव्या महिन्यात.

म्हापशेकरीण: मुलं २०१२ आणि २०१५ ची. लस झालीच असेल ना?

डिचोलीकर: बीची लस २०११ पासून देशभरच्या लसीकरणात आहे. तरी कार्ड बघा.

काजूबागवाला: यजमान फेणी घेतात का? काजूची की माडाची?

लॅबवाला_फोंडा: यकृताला दोन्ही सारख्याच. बंद.

पेडणेकर_आखाती: भावाचं आखातातलं मेडिकल पुढच्या आठवड्यात आहे. त्यात बी निघाला तर व्हिसा मिळतो का? लवकर सांगा.

डिचोलीकर: नवीन धागा काढा हो. आणि त्यात देश कुठला ते लिहा.