गणपतीनंतर कद घरी धुवायचा आहे. पैठणीचं काय करावं?

अबोली_पुणे:
पूजेचा रेशमी कद (मोतिया रंग, काठ साधा, जर नाही) घरीच धुवायचा आहे. त्यावर निरांजनातल्या तुपाचा एक डाग, हळदीकुंकवाचे ठिपके आणि कमरेपाशी घामाचे पिवळट पट्टे आहेत. सोबत जरीकाठी पैठणीही आहे. तिच्यावर डाग नाही, पण दिवसभर नेसली होती. दोन्ही रिठ्याच्या पाण्यात काढले तर चालेल का? इथे बोअरचं पाणी आहे.

करवतकाठी:
कद घरी धुवा, पैठणीला पाणी लावू नका.

आधी कदाबद्दल. पाण्यात घालण्याआधी डाग कोरडेच हाताळा. कुंकू झटकून मऊ ब्रशने काढा, ओलं बोट लावलंत तर ते आत मुरेल. तुपाच्या डागावर दोन्ही बाजूंनी टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका. डाग उरला तर पुन्हा पावडर लावा.

मग रंगाची परीक्षा. निऱ्यांत जाईल अशा कोपऱ्यावर ओला पांढरा सुती रुमाल पाच मिनिटं दाबून धरा. रुमालाला रंग लागला, तर पुढचं सगळं विसरा आणि कद ड्रायक्लीनला द्या.

रंग पक्का असेल तर आधी नुसत्या गार पाण्यातून एकदा काढा, म्हणजे घामाचे क्षार निघून जातात. नंतर अर्धी बादली पाण्यात लोकरीच्या कपड्यांचा द्रव साबण दोन चमचे ढवळा. कद त्यात तीन-चार मिनिटं वरखाली करा, बस्स. भिजत ठेवायचा नाही, ब्रश नाही, पिळणं नाही. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं. घासलं की तिथे पांढुरके, निस्तेज चट्टे दिसतात. ते डाग नसतात, तंतू तुटून वर आलेले असतात, आणि कशानेही परत बसत नाहीत.

साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा. प्रत्येक पाणी सारख्याच तापमानाचं असू द्या. मग जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरून वाळवा.

निळाई:
रिठ्याबद्दल थोडं. रिठा सौम्य आहे, पण त्याच्या पाण्याला तपकिरी झाक असते. गडद रंगाला चालतो, मोतिया कदाला नको. गडद कपड्यासाठी आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, गार करून फडक्यातून दोनदा गाळा.

बोअरचं पाणी मात्र टाळाच. जड पाण्यात साबणाचा चोथा होऊन तंतूंवर बसतो आणि कापड कडक, मळकट दिसतं. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा, निदान शेवटच्या खळबळण्याला तरी. त्यात चार लिटरला एक चमचा पांढरं व्हिनेगर घाला, उरलेला साबण निघून चकाकी येते. जरीच्या कपड्याला हे करू नका, तांब्यावरची जर आंबटाने काळवंडते.

वेखंड:
हळदीचा ठिपका साबणात लाल झाला तर घाबरू नका. हळद खाराने लाल होते, साबण निघाला की पुन्हा पिवळी दिसते. कपडा धुऊन ओला असतानाच तेवढाच भाग सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास धरा, हळद उन्हात उडते. त्याहून जास्त नको, उन्हाने रेशीमही पिवळं पडतं.

कपडे धुण्याची नेहमीची पावडर, खायचा सोडा, ब्लीच यांतलं काहीच नको. रेशीम म्हणजे प्रथिन. दूध-रक्ताचे डाग काढायला पावडरीत जे एन्झाइम घालतात, ते रेशमालाही खातं. क्लोरीनचं ब्लीच तर रेशीम विरघळवतं.

अबोली_पुणे:
धन्यवाद. घामाचे पट्टे जातील का? आणि पैठणी नुसती कपाटात ठेवू?

करवतकाठी:
घामाचे ताजे पट्टे जातात. जुने फिके होतील, पूर्ण जाणार नाहीत. म्हणून कद सोडल्यावर त्याच दिवशी गार पाण्यातून काढावा. इस्त्री किंचित दमट असताना, उलट्या बाजूने, 'सिल्क'वर. वाळलेल्या कदावर पाणी शिंपडू नका, थेंबांचे गोल डाग उमटतात.

पैठणी तशीच ठेवू नका, घामावर कसर लागते. पिना काढून, उलटी करून पंख्याखाली तीन-चार तास पसरा. पदरातल्या नक्षीत अनेक रंगांचं रेशीम असतं, त्यातला एक जरी सुटला तरी मोर बिघडतो. शिवाय सुती फॉल पाण्यात आटतो आणि खालचा काठ चुण्या धरतो. डाग नसताना ड्रायक्लीनचीही गरज नाही.

वेखंड:
ठेवताना मलमलच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नको, दमट राहून जर काळी पडते. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, साडीच्या घडीत नको. डांबरगोळ्यांचंही तेच. दर तीन महिन्यांनी घड्या बदला. एकाच रेषेवर दुमडलेली जर तिथेच तुटते, आणि पदरावर ती आधी तुटते कारण तिथे जर सर्वांत दाट असते.