मध्यंतर झालं म्हणजे दोन अंक झाले का?

मागची रांग: रविवारी कोथरूडला नाटक बघितलं, नाव नको, जाहिरातीत ठळक 'दोन अंकी'. बाई फोन उचलते, 'हॅलो' म्हणते, पडदा. खाली जाऊन वडा खाऊन आलो, पडदा वर, तीच बाई, तोच फोन आणि पुढचं वाक्य! याला दुसरा अंक म्हणायचं? सरळ सरळ एक अंक मधोमध चिरलाय.

विंगेतला: अहो आम्ही बॅकस्टेजला कायम असंच बोलतो, 'पहिला अंक किती चालला?' 'एक तास दहा.' दुसऱ्या अंकाची प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवरचं सामान, लावायची असते, कपडे बदलायचे असतात, त्या वेळी व्याख्या कोण बघतंय. मध्यंतराच्या अलीकडे पहिला, पलीकडे दुसरा, विषय संपला.

सदाशिवपेठी: संपला कसा? शाकुंतल सात अंकी, मृच्छकटिक दहा अंकी, तिथे काय नऊ मध्यंतरं होती का? नाट्यशास्त्रात भरताने सांगून ठेवलंय, अंकात एका दिवसात घडेल तेवढंच घ्या, मधले महिने प्रवेशक-विष्कंभकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या जोडप्रसंगांतून, सांगा. काळाचा सांधा आला की अंक बदलतो, तुम्हाला भूक लागली म्हणून नाही.

विंगेतला: मग अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० ला आपल्या पुण्यातच शाकुंतलचे पहिले चारच अंक केले, ते? सोयीनेच ना?

सदाशिवपेठी: चार *पूर्ण* केले हो! शकुंतला सासरी निघते तिथे चौथा संपतो. मधेच 'हॅलो' म्हणून नाही थांबले.

पुरुषोत्तमवाली: आमच्या एकांकिकेत पाच ब्लॅकआऊट होते, दोन वर्षं उलटतात मधे, तरी पुरुषोत्तम करंडकाला, कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत, एकांकिकाच. काका, तुमच्या हिशोबाने ती सहा अंकी की काय 😄 आणि सुदर्शन रंगमंचाला सलग दीड तासाचं असतं त्याला दीर्घांक म्हणतात, त्यातही प्रवेश, म्हणजे सीन, बदलतातच की. आता सगळे मध्यंतरावरूनच मोजतात, आवडो न आवडो.

सदाशिवपेठी: ब्लॅकआऊटने प्रवेश बदलतो, अंक नाही. पण दोन वर्षांचं म्हणताय ते... हं, तिथे माझी गोची होते खरी.

मागची रांग: ते काही असो, मग 'मध्यंतरासह' असं छापा ना, 'दोन अंकी' कशाला?

विंगेतला: छापतो. मग बुकिंगच्या खिडकीवर पहिला पुणेकर विचारेल, वडा तिकिटात धरलाय का वेगळा.